हिवतापाची नवी औषधे आणि संगणकाची चाळणी

(शिक्षक, आरोग्य कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिवताप हा आपल्या पूर्ण परिचयाचा रोग आहे. हुडहुडी भरून येणारा ताप, त्यामागून येणारा घाम आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच क्रम, हे ज्याने घरात किंवा शेजारी पाहिले नाही असा मनुष्य आपल्या खेड्यांत क्वचितच आढळेल. डबकी बुजविणे, फवारणी करणे, औषधभारित मच्छरदाण्या वापरणे या उपायांविषयीही आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज मी त्याविषयी बोलणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापावर ज्या गोळ्या मिळतात त्या किती काळ गुणकारी राहतील आणि त्या निरुपयोगी ठरल्यास त्यांची जागा घेणारी औषधे कशी शोधली जात आहेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या शोधकार्यात संगणकाचे साहाय्य घेतले जाते. ते कसे घेतले जाते, त्यातून काय साधते, काय साधत नाही आणि आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध आहे, एवढेच मी सांगणार आहे.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण आढळले आणि ५ लाख ९७ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके होती. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या वेळी दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व त्यांपैकी आठ लाख दगावत असत, असा अंदाज आहे. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. रोग गेला असे वाटू लागले. परंतु १९७६ साली पुन्हा ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यानंतरच्या प्रयत्नांनी ही संख्या पुन्हा बरीच खाली आली असून २०३० पर्यंत हिवतापाचे देशातून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आहे. मात्र गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्यात हा रोग अजून ठाण मांडून आहे, आणि मुंबईसारख्या महानगरात पाण्याच्या टाक्या व बांधकामावरील साठलेले पाणी यांच्या आश्रयाने तो टिकून आहे. विजय दृष्टिपथात असताना हत्यार बोथट झाले तर काय होते, हे १९७६ च्या अनुभवाने आपल्याला शिकविले आहे.

औषधे निकामी का होतात?

हिवतापावरील औषधांचा इतिहास हा एकामागून एक निकामी होत गेलेल्या औषधांचा इतिहास आहे. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली पेलेतिए व काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी क्विनीन वेगळे केले. १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्विन तयार झाले व दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर वापरात आले. ते स्वस्त, सुरक्षित आणि प्रभावी होते. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम जातीचा हिवताप आढळला. आपल्या देशात अशी पहिली नोंद १९७३ साली आसामात झाली.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परोपजीवी जंतू कोट्यवधींच्या संख्येने असतात. वाढताना त्यांच्या जनुकांत कोठे ना कोठे बदल घडत राहतात. एखाद्या बदलामुळे औषधाचा परिणाम कमी झाला, आणि औषध अपुऱ्या प्रमाणात पोटात गेले, तर बाकीचे जंतू मरतात व तेवढे मागे उरतात. पुढे डासाच्या वाटे तेच दुसऱ्याच्या अंगात जातात. शेतात तण अर्धवट काढले असता चिवट तण तेवढे शिल्लक राहावे, तसाच हा प्रकार आहे.

क्लोरोक्विननंतर जगाला आधार मिळाला तो आर्टेमिसिनीनचा. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या एका सरकारी प्रकल्पात तू यूयू या संशोधक महिलेने प्राचीन चिनी वैद्यकग्रंथातील उल्लेखाचा मागोवा घेऊन एका वनस्पतीपासून १९७१-७२ मध्ये हे द्रव्य मिळविले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज फाल्सिपेरम हिवतापावर आर्टेमिसिनीन वर्गातील औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. परंतु या औषधाचा प्रभाव मंदावल्याचे पुरावे २००८-०९ मध्ये पश्चिम कंबोडियात मिळाले आणि पुढे आफ्रिकेत रवांडा व युगांडा या देशांतही मिळाले. नव्या औषधांची निकड यामुळे निर्माण झाली आहे.

येथे दुसरी एक अडचण आहे. औषध शोधण्यास दहा-बारा वर्षे लागतात व अपार खर्च येतो. हिवतापाचे बहुसंख्य रुग्ण गरीब देशांतील गरीब माणसे आहेत. त्यांच्यासाठी केलेला खर्च भरून येईल अशी खात्री कोणत्याही कंपनीस वाटत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी १९९९ साली जिनिव्हा येथे हिवतापाच्या औषधांसाठी एक ना-नफा संस्था स्थापन झाली. शोधाचा आरंभीचा खर्च व वेळ कमी कसा करता येईल, या विचारातूनच शास्त्रज्ञ संगणकाकडे वळले.

कुलूप आणि किल्ली

औषध शरीरात काम कसे करते हे थोडक्यात पाहू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी काही प्रथिने पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणतात. त्यांना विकरे किंवा एन्झाइम म्हणतात. विकराच्या अंगावर एक विशिष्ट आकाराची खोबण असते व योग्य आकाराचा रेणूच तीत बसू शकतो. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली यास कुलूप-किल्लीची उपमा दिली. जंतूच्या जीवनास आवश्यक अशा विकराच्या खोबणीत आपण दुसराच रेणू घट्ट बसविला, तर त्याचे काम थांबेल व जंतू मरेल. अशी किल्ली शोधणे हे औषधशोधाचे एक सूत्र आहे.

हिवतापाचा जंतू माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत शिरतो आणि तेथील हिमोग्लोबिन खाऊन वाढतो. हिमोग्लोबिनचे तुकडे करण्याच्या कामी त्याला प्लास्मेप्सिन नावाची विकरे उपयोगी पडतात. या पचनातून हीम हा विषारी पदार्थ सुटतो व जंतू त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून स्वतःचा बचाव करतो. क्लोरोक्विन या स्फटिक बनण्याच्या क्रियेत अडथळा आणते. तेव्हा पचनाचे कामच आरंभी बंद पाडले तर, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात आला.

आता कुलूप ठाऊक झाले तरी किल्ली कोणती? जगात लक्षावधी रसायने उपलब्ध आहेत. त्यांतील एकेक आणून, परीक्षानळीत घालून पाहणे फार खर्चाचे आहे. येथे संगणक कामास येतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनाच्या स्फटिकाचे चित्र घेऊन त्यातील अणूंची स्थाने निश्चित करता येतात. ही स्थाने संगणकात भरतात. मग एकेक रेणू घेऊन तो खोबणीत निरनिराळ्या अंगांनी बसवून पाहण्याचे गणित संगणक करतो व तो किती घट्ट बसेल याचा अंदाज गुणांच्या रूपाने देतो. बोट धक्क्याला लावण्याच्या क्रियेवरून यास इंग्रजीत डॉकिंग असे नाव पडले आहे. कमी गुणांचे रेणू बाजूला टाकायचे व वरच्या गुणांचे तेवढे प्रयोगशाळेत न्यायचे. गृहिणी धान्य आधी चाळते व मग खडे वेचते, त्यातील चाळणीचे काम संगणक करतो.

सहा आठवड्यांत ऐंशी वर्षांचे काम

या पद्धतीचा हिवतापावरील एक मोठा प्रयोग २००५ सालच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत युरोपात झाला. विज्डम असे त्या प्रकल्पाचे नाव होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि फ्रान्समधील राष्ट्रीय संशोधन केंद्राची क्लेरमाँ-फेराँ येथील प्रयोगशाळा यांचा त्यात पुढाकार होता. कुलूप म्हणून प्लास्मेप्सिन निवडण्यात आले व सुमारे दहा लाख रसायनांचे रेणू तपासावयाचे ठरले. प्रत्येक रेणू निरनिराळ्या प्रकारे बसवून पाहावयाचा असल्याने एकूण जोडण्यांची संख्या चार कोटींहून अधिक झाली.

एका जोडणीच्या गणितास साधारण एक मिनिट लागते असे धरले, तर एका संगणकास या कामासाठी रात्रंदिवस चालून सुमारे ८० वर्षे लागली असती. परंतु युरोपातील अणुभौतिकी व इतर शास्त्रांच्या गणितांसाठी त्या वेळी संगणकांचे एक जाळे उभारलेले होते. त्यास ग्रिड म्हणत. विजेच्या जाळ्यातून जशी कोठेही वीज घेता येते, तशी या जाळ्यातून गणनशक्ती घेता येत असे. १५ देशांतील सुमारे १,७०० संगणकांवर काम वाटून देण्यात आले आणि ते अवघ्या सहा आठवड्यांत पुरे झाले. २००६-०७ च्या हिवाळ्यात झालेल्या दुसऱ्या प्रयोगात २७ देशांतील ५,००० पर्यंत संगणक गुंतले होते व चार महिन्यांत सुमारे १४ कोटी जोडण्या तपासल्या गेल्या. पुढे २०११ साली अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेने अशाच एका योजनेत घरोघरच्या संगणकांचा रिकामा वेळ स्वयंसेवकांकडून मागून घेतला. ज्या कामास एका संस्थेचे बळ पुरे पडत नाही ते अनेकांनी थोडाथोडा भार उचलल्याने होते, हे आपल्या सहकारी चळवळीस नवीन नाही.

पहिल्या प्रयोगाच्या निकालांतून वरच्या गुणांचे सुमारे ५,००० रेणू निवडण्यात आले. इटलीतील मोदेना येथील शास्त्रज्ञांनी त्यांची अधिक बारकाईच्या गणिताने पुन्हा छाननी केली आणि अखेर ३० रसायने परीक्षानळीत तपासण्यात आली. त्यांपैकी २६ रसायनांनी प्लास्मेप्सिनचे काम रोखले. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दहा लाखांतून ३० निवडावेत आणि त्यांतील २६ उपयोगी ठरावेत, ही चाळणी उत्तमच म्हटली पाहिजे.

उत्तर बरोबर, पण प्रश्न?

मित्रहो, कथा येथे संपली असती तर मला आनंद झाला असता. परंतु ती येथे संपत नाही. हे संगणकीय काम चालू असताना दुसऱ्या शास्त्रज्ञांनी एक निराळा प्रयोग केला. पचनाच्या कामी येणारी प्लास्मेप्सिनची चारही जनुके त्यांनी जंतूतून काढून टाकली. जंतू मरावयास हवा होता; तो मेला नाही. त्याची वाढ मंदावली, एवढेच. हिमोग्लोबिन पचविण्यासाठी त्याच्यापाशी आणखी विकरे होती. एक दार बंद केले तरी दुसऱ्या दाराने त्याचा व्यवहार चालू राहिला. साहजिकच या विकरांवर बेतलेल्या औषधाविषयीची आशा ओसरली.

संगणकाचे गणित चुकले नव्हते. विचारलेल्या प्रश्नाचे त्याने योग्य उत्तर दिले होते. पण या कुलपाची किल्ली मिळाल्याने घर खरोखर बंद होईल काय, हा प्रश्न संगणकाच्या कक्षेबाहेरचा होता. त्याचे उत्तर जिवंत जंतूवर प्रयोग करूनच मिळाले. पुढे २०१७ साली त्याच कुळातील दुसरी दोन विकरे, प्लास्मेप्सिन ९ व १०, जंतूला रक्तपेशीतून बाहेर पडण्यासाठी व नव्या पेशीत शिरण्यासाठी अत्यावश्यक असल्याचे सिद्ध झाले आणि संशोधनाचा रोख तिकडे वळला. त्या कुळावर झालेले आधीचे कष्ट त्यामुळे वाया गेले असे म्हणता येणार नाही. पण ज्ञान कोणत्या क्रमाने मिळते हे त्यावरून दिसते.

संगणकाच्या मर्यादा आणखीही आहेत. प्रथिन हे लोखंडी कुलपासारखे ताठ नसते. ते हलते, आकार बदलते. खोबणीत चपखल बसणारा रेणू पोटात विरघळेल काय, रक्तात टिकेल काय, जंतूपर्यंत पोहोचेल काय, आणि गरोदर स्त्रीला वा बालकाला अपाय करणार नाही ना, हे केवळ आकाराच्या गणितातून कळत नाही. केवळ संगणकीय चाळणीतून निघून रुग्णाच्या हाती पडलेली हिवतापाची गोळी आज आपल्याला दाखविता येणार नाही, ही वस्तुस्थिती आहे.

म्हणून दुसरी वाटही चालूच आहे. तीत कुलपाचा विचार न करता जिवंत जंतूंवर थेट रसायनांचा मारा करून पाहतात. २०१० साली एका औषध कंपनीच्या स्पेनमधील प्रयोगशाळेने सुमारे वीस लाख रसायने अशा रीतीने तपासून जंतूंची वाढ रोखणाऱ्या १३,५३३ रसायनांची यादी सर्वांसाठी खुली केली. आता या दोन वाटा एकत्र येत आहेत. प्रयोगातून मिळालेली माहिती संगणकास पुरविली जाते व तिच्या आधारे तो पुढील निवड सुचवितो. जंतूच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००२ सालीच पुरे झाले होते. त्यात सुमारे ५,३०० जनुके आढळली. पण त्यांपासून बनणाऱ्या बहुतेक प्रथिनांचे आकार अज्ञात होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अल्फाफोल्ड या संगणकीय पद्धतीने फाल्सिपेरमच्या प्रथिनांच्या आकारांचेही अंदाज उपलब्ध करून दिले. या पद्धतीच्या जनकांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी ज्या कुलपांचा आकारच ठाऊक नव्हता, त्यांच्या किल्ल्या शोधण्याचा प्रयत्न आता करता येतो. अंदाज हा अंदाजच असतो आणि तो प्रयोगाने पडताळावा लागतो, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

आपल्या देशातील साधने

या कार्यात आपला देश रिक्तहस्त नाही. लखनौ येथे १९५१ साली सुरू झालेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने आर्टेमिसिनीनपासून बनविलेले आर्टिथर हे इंजेक्शन तीव्र हिवतापाच्या उपचारात आणले. संगणकाच्या क्षेत्रात तर आपल्या पुण्याचे नाव अग्रभागी आहे. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. आज परम कुळातील महासंगणक देशातील अनेक शिक्षणसंस्थांत बसविण्यात आले असून पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही असा एक आहे. रेणू आणि प्रथिने यांची गणिते करावयास लागणारी यंत्रसामग्री आपल्या राज्यातील विद्यार्थ्यांच्या आटोक्यात आली आहे. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांची गोडी असलेल्या विद्यार्थ्यास हे क्षेत्र खुले आहे, हे शिक्षकांनी त्याला सांगावे.

आपला वाटा

आता शेवटचा व माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हे सर्व शास्त्रज्ञांचे काम. त्याच्याशी ग्रामपंचायतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे.

पहिला असा. विज्डम प्रकल्पाच्या दुसऱ्या प्रयोगात जंतूच्या ज्या विकरांवर लक्ष केंद्रित केले होते, त्यांतील एकाचे बदललेले आकारही तपासण्यात आले होते. पायरिमेथामीन या जुन्या औषधाला जंतू दाद देईनासे झाले ते या विकरात बदल झाल्यामुळे. हे बदललेले आकार शास्त्रज्ञांना ठाऊक झाले, कारण औषधाने बरे न झालेल्या रुग्णांच्या रक्तातील जंतूंचा कोणीतरी अभ्यास केला होता. थायलंडमधील शास्त्रज्ञांनी २००३ साली या विकराची रचना प्रसिद्ध केली आणि तिला धरून एका नव्या रेणूची आखणी केली. त्याच्या माणसांवरील प्राथमिक चाचण्याही झाल्या आहेत. म्हणजे संगणकास काय विचारावयाचे, हे अखेर गावातील रुग्णाच्या रक्ताच्या थेंबावरून ठरते. ताप आला की आशा कार्यकर्तीने किंवा आरोग्य सेवकाने घेतलेला रक्तनमुना, उपचारानंतर पुन्हा ताप आल्यास केलेली नोंद, या गोष्टी कागद रंगविण्यासाठी नाहीत. औषध कोठे मंदावत आहे याची पहिली वर्दी त्यातूनच मिळते.

दुसरा संबंध वेळेचा आहे. नवे औषध येण्यास वर्षे लागतात. तोपर्यंत आजचे औषध टिकविले पाहिजे. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून राहतो व महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. म्हणून त्यावर प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा उपचार दिला जातो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या कोनाड्यात ठेवून रोजगारावर जाणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला दोष देऊन भागणार नाही. त्याला समजावून सांगणारा, आठवण करणारा कोणीतरी गावात असला पाहिजे. आर्टेमिसिनीनच्या गोळ्या एकट्या विकणे थांबवावे, असे आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली औषध कंपन्यांना केले, त्याचाही हेतू औषध टिकविणे हाच होता. रक्ततपासणी झाल्याशिवाय आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या किंवा आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याशिवाय दुकानातून हिवतापाची गोळी घेऊ नये, हे ग्रामसभेत सांगता येण्यासारखे आहे. स्थलांतरित मजूर, वीटभट्टीवरील व जंगलातील कामगार हे उपचार अर्धा टाकून पुढील मुक्कामी जातात. त्यांची नोंद पुढील गावच्या केंद्रास कळविणे हे अवघड नाही, पण कोणीतरी ते आपले काम मानले पाहिजे.

संगणक चाळणी धरील. प्रयोगशाळा पारख करील. पण धान्य कोठले व कीड कोणती हे शेतावर राबणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. शास्त्रज्ञांच्या हाती नवे औषध येईपर्यंत जुन्या औषधाची राखण करण्याचे काम आपल्याकडे आले आहे. रक्ताचा प्रत्येक नमुना वेळेवर, उपचाराचा प्रत्येक दिवस पुरा आणि प्रत्येक फेरतापाची नोंद, एवढे आपण आपापल्या गावात पाळले, तर जगाच्या दुसऱ्या टोकास चाललेल्या या शोधकार्यात आपलाही वाटा आहे असे म्हणता येईल.